व्हॉल्व्ह मरतो, सेट मरत नाही

संपादकसाहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्या) अ‍ॅम्प्लिफायरचं कौतुक वाचलं, व्हॉल्व्हवाला सेट म्हणे मरतच नाही. आमच्याकडे वडिलांचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प अजून वाजतोय त्यामुळे वाचून बरं वाटलं, पण हे अर्धंच खरं आहे हो. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बचाच भाऊ, आत तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडवरचा लेप वापरून वापरून संपतो. ईएल ८४ सारखा आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकर चालवणारा, साधारण २ ते ५ हजार तास, छोटा ईसीसी ८३ बरा, तो १० हजारापर्यंत जातो. म्हणजे रोज दोन तास गाणी ऐकलीत तर चार-पाच वर्षांत आउटपुटची जोडी बदलायची तयारी ठेवा. ट्रान्झिस्टरमध्ये असं झिजणारं काही नाहीच, जास्त तापला नाही आणि स्पीकरच्या वायरी शॉर्ट झाल्या नाहीत तर आपल्यापेक्षा जास्त जगेल.

मग माझं ट्रान्झिस्टरच्या जमान्यातलं होम थिएटर भंगारात का गेलं? आउटपुटची आयसी उडाली, ती बनायचीच बंद झालेली, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली पालथी घातली तेव्हा एक मिळाली ती पण डुप्लिकेट, आठवड्यात फट्. व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपटला की नवा खोचायचा, रशिया, स्लोव्हाकिया, चीनमध्ये अजून बनतात.

आणि खरा चोर दोन्हीकडे एकच, फिल्टर कंडेन्सर, म्हणजे सेटला मिळणारी वीज गुळगुळीत करणारा डबा. आतून सुकतो, गरमीत लवकर, आणि व्हॉल्व्ह सेटमध्ये तर शेजारीच भट्टी. आमच्या अ‍ॅम्पला हम (घुंऽऽ असा आवाज) यायला लागला तेव्हा मी महिनाभर व्हॉल्व्हला शिव्या घालत होतो, निघाले दोन फुगलेले कंडेन्सर.

लेख वाचून कोणी जुन्या बाजारात निघालंच असेल तर व्हॉल्व्हच्या काचेवर, बहुतेक वरच्या टोकाला, आरशासारखा चंदेरी डाग असतो तो बघा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, फुकट दिला तरी घेऊ नका. आणि वर्षानुवर्षं बंद असलेला सेट घरी आणून थेट प्लगला लावू नका, मेकॅनिककडून कंडेन्सर तपासून सिरीज बल्बवरच, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, चालू करून घ्या. मी उतावळेपणा केला, ट्रान्सफॉर्मर जळला, आणि त्याच्या वाइंडिंगला व्हॉल्व्हच्या जोडीपेक्षा जास्त पैसे गेले.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे