कृषिमंत्र्यांना खुले पत्र: गच्चीवरही एखादी कृषी सखी हवी

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण चढला. पांढरा, कापसासारखा, देठाच्या बेचक्यात दडून बसणारा. दुकानदाराने एक बाटली काढून हातात ठेवली, "बादलीभर पाण्यात एक झाकण टाका." मी टाकलं आणि फवारलंही. शेजारच्याच कुंडीत कढीपत्ता होता, तो संध्याकाळच्या आमटीत पडणार होता. बाटलीवरचा लाल त्रिकोण सुनेने पाहिला म्हणून वाचलो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

खरं तर पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क एवढ्यावर भागलं असतं. 50 ग्रॅम निंबोळीचा भुगा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, थोडा साबणचुरा घालून ऊन उतरल्यावर मारायचा. आपली कृषी विद्यापीठं शेतकऱ्यांना हे वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय माझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहे, पण तिथलं हे शहाणपण माझ्या गच्चीपर्यंत आणणारं कोणी नाही.

गावात सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) असतो. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचत गटांतल्या बायकांना शिकवून कृषी सखी केलं, त्या परसबागाही उभ्या करून देतात. शहरात मात्र आमची सगळी भिस्त सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे एक ताक ओता म्हणतं, दुसरं हळद टाका म्हणतं, आणि झाड तोवर मरतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात असाच पेच होता. विद्यापीठाच्या विस्तार सेवेतल्या, म्हणजे शेतीचा सल्ला लोकांपर्यंत पोचवणाऱ्या विभागातल्या, लोकांना घरगुती बागवाल्यांच्या शंका आवरेनात. मग त्यांनी 1973 मध्ये हौशी नागरिकांनाच शिकवलं, अट एकच: शिकलात तर ठरावीक तास इतरांसाठी द्यायचे. त्यातूनच 'मास्टर गार्डनर' ही चळवळ देशभर पसरली.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठं आपल्या हाताशी आहेत. दहा शनिवारांचा वर्ग काढा. माती, खत, कीड, पाणी शिकवा, आणि गच्चीची गळतीही (खालच्या मजल्याशी होणारी भांडणं तिथूनच सुरू होतात). प्रत्येकाकडून वर्षाचे 50 तास लिहून घ्या: रविवारी भाजी मंडईबाहेर एक टेबल, लोकांनी रोगट पान घेऊन यायचं. औषध सुचवायचं ते विद्यापीठाच्या तक्त्यातूनच, आणि ठाऊक नसेल तर सरळ "विचारून सांगते" म्हणायचं. औषध कंपन्यांचे बॅनर मात्र त्या टेबलावर नकोत, एवढं पाहा.

दर जूनला रोपं वाटली जातात, फोटो निघतात. दिवाळीपर्यंत त्यातली किती जगतात, हे कोणत्याही सोसायटीच्या माळ्याला विचारा.

पहिली तुकडी शिवाजीनगरला निघाली तर माझं नाव धरा. शनिवार मोकळे आहेत, नवरात्रातला एखादा चुकेल.

आपली,
22 कुंड्यांची मालकीण, पुणे