बासचे आमिष आणि पुण्याचे पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे पकडण्याच्या छंदावर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अर्धे पान दिले याचा मला मनापासून आनंद झाला. परंतु त्यातील लिपलेस क्रँकबेट या कृत्रिम आमिषाविषयीचा परिच्छेद अपुरा आहे, सोबतच्या आकृतीत एक महत्त्वाची चूक आहे, आणि बास हा परदेशी शिकारी मासा आपल्याकडे आणून सोडावा ही लेखाच्या शेवटी व्यक्त केलेली इच्छा तर आपल्या धरणांना घातक ठरेल अशी आहे. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आकृतीत या आमिषाची तंगूस (मासेमारीचा दोरा) बांधण्याची कडी नाकाच्या टोकाशी दाखवली आहे. ती तिथे नसते, पाठीवर, डोक्याच्या किंचित मागे असते, आणि या आमिषाचे सारे काम त्या जागेवर अवलंबून असते. साध्या क्रँकबेटला तोंडाशी प्लास्टिकची पट्टी असते. ओढताना पाण्याचा दाब त्या पट्टीवर येतो आणि आमिष खाली जाते. ते किती खोल जाईल हे पट्टीची लांबी आणि तिचा कोन मुख्यतः ठरवतात. लिपलेसला ती पट्टीच नसते. त्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, आत छर्रे असतात आणि ते स्वतःच्या वजनाने बुडते. कडी पाठीवर असल्यामुळे ओढताना त्याचे चपटे कपाळ पाण्यावर आदळते, सारे अंग डावी-उजवीकडे वेगाने थरथरते आणि छर्रे खुळखुळतात. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेला ही थरथर जाणवते, त्यामुळे गढूळ पाण्यात आमिष दिसण्याच्या आधीच त्याची चाहूल माशाला लागते. अमेरिकेतील लुइझियानाच्या बिल लुइस यांनी १९६०च्या दशकात बाजारात आणलेले रॅट-एल-ट्रॅप हे या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध आमिष. तिथले अनेक जण आजही या साऱ्या प्रकारालाच ‘ट्रॅप’ म्हणतात.

लेखात या आमिषाची रीत एका वाक्यात उरकली आहे: लांब फेकावे आणि वेगाने गुंडाळत यावे. ही रीत खोटी नाही. पाणी कोमट असताना, उथळ सपाटीवर पसरलेले मासे शोधण्यासाठी ती उत्तम आहे. मात्र लिपलेसचे खरे सामर्थ्य त्याच्या बुडण्यात आहे आणि लेखात बुडण्याचा उल्लेखही नाही.

माझी मुलगी टेक्सासमध्ये राहते. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस तिच्याकडे गेलो असता जावयांनी मला सॅम रेबर्न जलाशयावर नेले. पूर्व टेक्सासमधील अँजेलिना नदीवरचा हा जलाशय सुमारे १ लाख १४ हजार एकरांचा आहे आणि लार्जमाउथ बाससाठी तो प्रसिद्ध आहे. परराज्यातल्या माणसाचा रीतसर परवाना काढून आम्ही पहाटे होडीत बसलो. पाण्याचे तापमान ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअस होते. अंडी घालण्याच्या तयारीने बास खोल पाण्यातून उथळ गवताकडे सरकू लागतात ते हेच दिवस. मी दोन तास फेकत आणि गुंडाळत राहिलो, एकही मासा लागला नाही. शेजारच्या होडीतील एक वयस्क गृहस्थ बराच वेळ पाहत होते. अखेर ते म्हणाले, ‘‘तुम्ही त्याला बुडूच देत नाही.’’ पुढच्या तासाभरात त्यांनी मला जे दाखवले, ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे असे मला वाटते.

पहिली गोष्ट मोजण्याची. आमिष पाण्यावर पडताच एक, दोन, तीन असे मोजू लागायचे. अर्ध्या औंसाचे, म्हणजे १४ ग्रॅमचे लिपलेस सेकंदाला साधारण एक फूट किंवा त्याहून थोडे अधिक बुडते. तळाला किंवा गवताच्या शेंड्याला ते टेकले की तंगूस सैल पडते. तो आकडा लक्षात ठेवायचा आणि पुढच्या फेकीत त्याच्या एक आकडा आधी ओढायला सुरुवात करायची. चार-सहा फेकींत पाण्याखालचा चढ-उतार हाताला कळू लागतो. खोली आमिषाने ठरवायची नसून आपण ठरवायची असते, आणि पट्टी नसल्याचा खरा लाभ हाच आहे.

दुसरी गोष्ट गवतातून सोडवण्याची. सॅम रेबर्नमध्ये पाण्याखाली हायड्रिलाचे रान आहे. आमिष त्याच्या शेंड्यांवरून असे न्यायचे की ते मधूनमधून अडकलेच पाहिजे. अडकले की नवखा माणूस जोराने गुंडाळतो आणि गवताचा पेंढा घेऊन येतो. त्याऐवजी हात थांबवायचा, काठीचे टोक क्षणभर पुढे न्यायचे आणि मनगटाने एकच झटका द्यायचा. आमिष गवतातून सुटून उसळते, घाबरलेल्या लहान माशासारखे फूटभर पळते आणि पुन्हा बुडू लागते. बास बहुधा नेमका त्याच क्षणी तोंड घालतो. त्या दिवशी मला लागलेल्या चारही माशांनी आमिष झटक्यानंतर घेतले, एकसारख्या ओढीवर एकानेही नाही. (जाता जाता एक गोष्ट: हायड्रिला आपल्याकडची वनस्पती आहे. मत्स्यालयांच्या व्यापारातून ती १९५०च्या दशकात फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तळ्यांची डोकेदुखी होऊन बसली. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.)

तिसरी रीत थंड पाण्याची आणि माझ्या मते सर्वांत सुंदर. आमिष तळाला टेकू द्यायचे, काठी आडव्यापासून हळूच फूट-दोन फूट वर उचलायची, अंगाची थरथर मुठीत जाणवली की थांबायचे आणि आमिषाला परत तळाकडे जाऊ द्यायचे. जाताना तंगूस पूर्ण सैल सोडले तर मासा लागल्याचे कळत नाही, आणि ताणून धरले तर आमिष नैसर्गिकपणे पडत नाही. काठीचे टोक आमिषाच्या मागोमाग खाली आणत हा मधला ताण सांभाळणे हीच खरी कारागिरी आहे. मासा धक्का देत नाही. पाण्यात शिरणारे तंगूस किंचित बाजूला सरकते किंवा आमिष अपेक्षेपेक्षा आधी थांबते, एवढीच खूण मिळते. मुठीत काही वेगळे जाणवले की गुंडाळत गुंडाळत काठी बाजूला खेचायची. या आमिषाला तिहेरी गळ असतात, त्यामुळे डोक्यावरून जोरदार झटका देण्याची गरज नसते. उलट त्याने आमिष तोंडातून निसटते.

निसटण्याविषयी आणखी थोडे लिहितो, कारण लिपलेसवर लागलेला बास हातचा जाण्याचे प्रमाण फार असते आणि त्याचे कारण नशीब नाही. आमिष जड असते. मासा पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकतो तेव्हा त्याच वजनाची तरफ होते आणि गळ उपटला जातो. म्हणून काठीचे टोक पाण्यालगत ठेवून मासा उडी घेणार नाही असे पाहायचे, आणि काठी कडक न घेता मध्यापर्यंत लवणारी घ्यायची. फायबरग्लासची सात फुटी काठी या कामासाठी अनेकांना आवडते. रिळाचा वेग ७:१च्या आसपास असला, म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात आतली फिरकी सात वेळा फिरली, की सैल पडलेले तंगूस पटकन आवरता येते. उघड्या पाण्यात १५ ते १७ पौंडांचा ताण सोसणारे फ्लुरोकार्बनचे तंगूस पुरते, दाट गवतात वेणीचा दोरा बरा. रंगाचा फार काथ्याकूट करू नये. टेक्सासमध्ये वसंतात लालसर रंग चालतो, कारण त्या दिवसांत तिथल्या बासच्या खाण्यात लालसर क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) असतात. तो नियम उचलून पुण्यात लावण्यात अर्थ नाही.

इथून मी आपल्या पाण्याकडे येतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव किंवा मुळशी यांपैकी एकाही ठिकाणी बास नाही आणि पाणी कधीही १३ अंशांपर्यंत उतरत नाही. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून थंड पाण्याचे वेळापत्रक जसेच्या तसे पाळणारे तरुण निराश होतात. कटला, रोहू, मृगळ यांच्यामागे हे आमिष घेऊन लागणे व्यर्थ आहे. ते शिकारी मासे नव्हेत. शिवडा आणि मरळ मात्र शिकारी आहेत. मरळ दाट पाणवनस्पतीत असेल तर तिहेरी गळाचे लिपलेस तिथे नेऊच नये, त्यासाठी बेडकाच्या आकाराचे, गळ झाकलेले आमिष योग्य. गवताच्या बाहेरच्या कडेला, जिथे खडक किंवा जुना बांध सुरू होतो, तिथे मात्र मोजून बुडवण्याची आणि झटक्याने सोडवण्याची रीत इथेही तितकीच लागू पडते.

एवढे सांगून एक तक्रार करतो. आपल्या धरणांचा तळ खडकाळ आहे. जुन्या शेतांचे बांध आणि झाडांची खोडे पाण्याखाली आहेत. न मोजता फेकलेले लिपलेस तिथे हमखास अडकते, तंगूस तोडले जाते आणि ते तसेच काठावर किंवा पाण्यात राहते. गेल्या उन्हाळ्यात पानशेतच्या काठी तंगुसाच्या गुंत्यात पाय अडकलेला एक पाणकावळा मी आणि माझ्या मित्राने कात्रीने सोडवला. उरलेल्या दोऱ्याला एक लिपलेस अजून लटकत होते, गंजलेल्या गळांसह. यावर सोपा उपाय आहे. एप्रिल-मे महिन्यात पाणी ओसरते तेव्हा काठी घरी ठेवून नुसते चालत जावे आणि कुठे बांध आहे, कुठे खड्डा आहे, कुठे खोड आहे ते वहीत टिपून घ्यावे. पावसाळ्यानंतर तेच ठिकाण पाण्याखाली गेले की मोजण्याची रीत खऱ्या अर्थाने उपयोगी पडते आणि आमिषही शाबूत राहते. धरणांतील मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा त्यांची परवानगी घेऊनच पाण्यावर जावे, हे तर लेखात यायलाच हवे होते.

तिहेरी गळांविषयीही एक आग्रह आहे. मासा परत सोडायचा असेल तर ते काढून त्याजागी एकेरी गळ लावावेत आणि त्यांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत. महसीर लागण्याची शक्यता असेल अशा पाण्यात तर हे केलेच पाहिजे. देहूच्या डोहात ज्या माशाला पिढ्यान्‌पिढ्या देवाचा मासा मानून अभय दिले गेले, आणि ज्याचे बीज तयार करण्याचे काम लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा पॉवरने अनेक दशके केले, त्या माशाचा जबडा सहा टोकांच्या गळांनी फाडून त्याला ‘सोडून दिला’ म्हणणे मला पटत नाही.

आता लेखाच्या शेवटच्या वाक्याविषयी. ‘बास आपल्याकडेही आणून सोडला तर पुणेकरांना जागतिक दर्जाचा छंद घराजवळ मिळेल’ असे त्यात म्हटले आहे. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो. बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. जपानमध्ये तो १९२५ साली हाकोने येथील आशी सरोवरात सोडण्यात आला आणि तिथून देशभर पसरला. बिवा सरोवरात त्याने स्थानिक माशांची इतकी हानी केली की पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास शिगा प्रांताने २००३ साली बंदी घातली, आणि २००५ साली जपानच्या उपऱ्या जीवांविषयीच्या कायद्याखाली जिवंत बासची वाहतूक करणे, तो बाळगणे आणि सोडणे हे सारेच निषिद्ध झाले. त्याच बिवात २००९ साली मानाबू कुरिता यांनी पकडलेल्या सुमारे १०.१ किलोच्या बासने जॉर्ज पेरी यांच्या १९३२च्या जॉर्जियातील विश्वविक्रमाशी बरोबरी केली. छंदवाल्यांना हा विक्रम आठवतो, तो बंदीचा कायदा आठवत नाही. आणि इतके दूर जाण्याचीही गरज नाही: आफ्रिकेतून आलेली चिलापी उजनीत किती पसरली आहे, ते भिगवणच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे. आपला हायड्रिला तिकडे उपद्रवी ठरला, त्यांचा बास इकडे ठरेल.

माझी विनंती अशी की आकृतीतील कडीची दुरुस्ती, बुडण्याच्या रीतीचा खुलासा आणि शेवटच्या वाक्याचे निराकरण जूनच्या आत छापावे. पाऊस सुरू झाला की मरळ उथळ पाण्यात अंडी घालते आणि लालसर पिलांच्या थव्याखाली नर-मादी राखण करत राहतात. त्या थव्याजवळून गेलेल्या कोणत्याही आमिषावर ती चिडून झडप घालतात, भूक असो वा नसो. आपला लेख वाचून नवे लिपलेस घेतलेला मुलगा नेमका त्याच आठवड्यात काठावर असेल, आणि पालक पकडले गेले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. पाण्यावर लालसर थवा दिसला तर आमिष गुंडाळून पुढे चालावे, एवढे एक वाक्य तरी त्या खुलाशात ठळक अक्षरांत असावे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे