गुणसूत्र क्रमांक 11 वरचे एक अक्षर

चि. अनघा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पेशीचा बहुतेक सारा कारभार प्रथिने चालवतात, ती कशी घडवायची ही माहिती मात्र केंद्रकातल्या डीएनएमध्ये असते. मग ती बाहेर येते कशी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकातील बाणांच्या आकृतीने तुझे समाधान झाले नाही, हे मला आवडले. प्रयोगशाळेत माझ्या रोजच्या हाताखालून जाणाऱ्या हिमोग्लोबिनचेच उदाहरण घेते.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीचे जनुक 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ते असतेच, परंतु त्याचे खरे वाचन होते ते अस्थिमज्जेतील, तांबड्या पेशी होऊ घातलेल्या पेशींत. तेथे आरएनए पॉलिमरेज हे विकर डीएनएचे दोन धागे तेवढ्यापुरते उलगडते आणि एका धाग्यावरून आरएनएची प्रत तयार करते. डीएनएचा मजकूर अॅडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी) या चार अक्षरांचा असतो; या प्रतीत थायमिनच्या जागी युरॅसिल (यू) येते. प्रथिनाच्या मजकुरात न येणारे मधले दोन तुकडे कापून उरलेले तीन भाग जोडले, की हा संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर पडतो. मूळ दस्त दप्तरातून हलवायचा नाही, मागणाऱ्याला नक्कल द्यायची, असा हा रिवाज आहे.

या नकलेवर किती काम भागते, ते तांबड्या पेशीतच पाहावे. पक्व होताना ती आपले केंद्रकच बाहेर टाकते, म्हणजे जनुकही गेले. तरीही रेटिक्युलोसाइट नावाची ही कोवळी पेशी, आधी तयार असलेल्या प्रतींवरून, आणखी एखाद-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहते.

वाचनाचे काम रायबोसोम हा प्रथिने जोडणारा पेशीतला कण करतो, आणि तेही तीन-तीन अक्षरांनी. चार अक्षरांची 64 त्रिके होतात. त्यांपैकी 61 अमिनो आम्लांसाठी, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांसाठी, आणि 3 ‘थांबा’ सांगण्यासाठी. 1961 मध्ये निरेनबर्ग आणि माथेई यांनी नुसत्या युरॅसिलचा कृत्रिम आरएनए पेशींच्या अर्कात घातला, तेव्हा फेनिलअॅलनिन या एकाच अमिनो आम्लाची साखळी तयार झाली, आणि या लिपीचा पहिला शब्द लागला. पुढच्या उलगड्यात आपल्या हरगोबिंद खुराना यांचा मोठा वाटा होता. 1968 चे नोबेल निरेनबर्ग, हॉली आणि त्यांना मिळून देण्यात आले. प्रत्येक त्रिकापाशी त्याला जुळणारा वाहक आरएनए आपले अमिनो आम्ल घेऊन येतो आणि रायबोसोम ते वाढत्या साखळीला जोडतो. बीटा साखळीत अशी 146 अमिनो आम्ले असतात.

यांतले सहावे पाहा. तेथे मूळ त्रिक जी-ए-जी आहे, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत अनेक कुटुंबांत त्याच जागी डीएनएमध्ये जी-टी-जी आढळते. नकलेत ते जी-यू-जी होते आणि रायबोसोम तेथे व्हॅलिन बसवतो. नक्कल अचूक, वाचन अचूक, जोडणीही अचूक. मजकुराचा अर्थ तपासणारे तेथे कोणी नाही. व्हॅलिनला पाण्याचे वावडे असल्यामुळे प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते; हाच सिकलसेल आजार. एरवी सुमारे 120 दिवस टिकणारी तांबडी पेशी मग 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. आमच्या सोल्युबिलिटी चाचणीत हेच नळीत दिसते: द्रावण गढूळ होते आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा वाचता येत नाहीत. वाहकाच्या, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हे बदललेले जनुक मिळालेल्या माणसाच्या, रक्तानेही ते गढूळच होते, म्हणून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरवायला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, करावी लागते.

आणखी एक गोष्ट तुझ्या पुस्तकात बहुधा नसेल. सिकलसेल असलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, कारण गर्भावस्थेत बीटाऐवजी गॅमा साखळीचे जनुक वाचले जाते आणि ते हिमोग्लोबिन जन्मानंतर हळूहळू ओसरते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बऱ्याच रुग्णांत हेच गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. त्याने 11 व्या गुणसूत्रावरील चुकीचे अक्षर बदलत नाही. शेजारच्या, मिटलेल्या जनुकाचे वाचन तेवढे पुन्हा वाढते.

तुझी,
आई