पांढऱ्या कड्यावरचे कान

अ‍ॅशफर्ड, केंट
मंगळवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून आधी घाबरू नका. सगळे बरे आहोत. कागदावर लिहितेय, कारण फोनवर हे बोलणं होत नाही. परवा मी म्हटलं, “बाबा, आम्ही डोव्हरला जाऊन आलो,” तर तुम्ही म्हणालात, “व्हय, दोडका आणलाय.” मग आईनं मागनं ओरडून सांगितलं, “दोडका न्हवं, डोव्हर!” आणि अख्ख्या गल्लीला कळलं की आपल्याकडं आज दोडका नाही. आम्ही इथं हसलो. फोन ठेवल्यावर मात्र चिऊ हसत नव्हती. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी डोव्हरचं सांगते. इंग्लंडचं फ्रान्सला सगळ्यांत जवळचं टोक ते. मध्ये समुद्र आहे फक्त ३३ किलोमीटर, म्हणजे आपल्या साताऱ्याहून वाई जेवढी. हवा स्वच्छ असली की पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसतो. फोन तर इतका फसतो की कड्याच्या पुढच्या भागात गेलो तेव्हा “फ्रान्समध्ये स्वागत” असा मेसेज आला आणि चिऊच्या फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास पुढं गेलं. ती म्हणाली, “आई, आपण बोटीशिवाय पोचलो.”

कडा पांढराशुभ्र आहे. काही ठिकाणी उंची शंभर मीटरच्या वर. आणि दगड म्हणजे खडू, हात लावला की बोटं पांढरी होतात. समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींची कवचं तळाशी साचत साचत हा दगड झाला, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण लाव्हाचा, तो साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे हा गोरा दगड आपल्या काळ्यापेक्षा थोरला निघाला! पण आपला काळा तो काळाच. हा थोरला फार ठिसूळ आहे. दर काही वर्षांनी एखादा लचका समुद्रात कोसळतो, म्हणून पायवाट कडेपासून आत ठेवलेली आहे. आई, तू विचारायच्या आधीच सांगते, मी चिऊचा हात सोडला नाही. तिला लाज वाटत होती तरी.

वाट सोपी आहे. गवताची, चढउताराची, यवतेश्वरच्या पठारावर चालल्यासारखी. खाली बंदरात फ्रान्सला जाणाऱ्या मोठ्या बोटी लागलेल्या असतात, त्यांत ट्रकच्या ट्रक शिरत असतात. बाबा, तुम्ही असता तर समुद्र सोडून ट्रकच बघत बसला असता.

मागं वळून बघितलं की टेकडीवर डोव्हरचा किल्ला दिसतो. तो आम्ही मागच्या वर्षी आतून पाहिला होता. त्याच्या आवारात रोमन लोकांनी बांधलेलं दीपगृह आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचं. बाहेरून अष्टकोनी, चकमकीच्या दगडांचं, मध्ये लाल विटांचे थर. वरती जाळ पेटवायचे आणि समुद्रातल्या गलबतांना वाट दाखवायचे. मी चिऊला सांगितलं, ही दीपमाळच समज, फक्त देवासाठी नाही, खलाशांसाठी. नंतरच्या लोकांनी शेजारी चर्च बांधलं आणि त्या दीपगृहाचा घंटेसाठी मनोरा केला. जुनं पाडायचं नाही, कामाला लावायचं, ही आईची सवय त्यांनाही दिसते. आणि गावात म्युझियममध्ये एक होडी आहे, १९९२ मध्ये रस्त्याचं काम करताना सापडली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. ओकच्या फळ्या एकमेकींना चक्क शिवलेल्या आहेत, झाडाच्या लवचिक फांद्यांच्या दोऱ्यानं. एकही खिळा नाही. गोधडी जशी शिवतात तशी होडी.

त्याच किल्ल्याखालच्या भुयारांत बसून १९४० साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कची मोहीम चालवली. जर्मनांनी समुद्राकडं रेटलेलं इंग्रज-फ्रेंच सैन्य २६ मे ते ४ जून एवढ्या दिवसांत बोटींनी परत आणलं, ३ लाख ३८ हजारांवर माणसं. त्या किनाऱ्यावर आपल्या हिंदुस्थानी फौजेतले खेचरं हाकणारे जवानही होते, बहुतेक पंजाबकडचे. माणसं आणली, खेचरं तिथंच राहिली. हे वाचलं तेव्हा आईच्या माहेरची, अपशिंग्याची आठवण झाली. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले, आणि तू लहानपणी आम्हाला त्या स्मारकापुढं उभं करून हात जोडायला लावायचीस. कुठं अपशिंगे आणि कुठली कुणाची लढाई. असो.

आता मुद्द्यावर येते. कड्यावर फॅन बे नावाची एक जागा आहे. तिथं जमिनीच्या पोटात सैनिकांसाठी निवारा खोदलाय. १९४० च्या हिवाळ्यात खोदायला घेतला, शंभर दिवसांत पुरा केला. वर तोफा होत्या, त्यांच्यावरच्या जवानांनी बाँबच्या वेळी खाली येऊन झोपायचं. हेल्मेट घालून, टॉर्च घेऊन, गाइडबरोबरच जाता येतं. १२५ पायऱ्या उतरायच्या. खडूत खोदलेला बोगदा, वर लोखंडी पत्र्याच्या कमानी, भिंतींवर जवानांनी खरडलेली नावं. इथं कुणीतरी पावसाळी रात्री कुशीवर वळत घरचा विचार करत असणार, एवढंच डोक्यात आलं. युद्ध संपल्यावर काही वर्षांनी ते सोडून दिलं, पुढं १९७० च्या दशकात माती-राडारोडा टाकून बुजवलं. २०१२ नंतर पुन्हा सापडलं, तेव्हा गावोगावच्या हौशी लोकांनी मिळून शंभर टन राडा हातांनी उपसला. पगार न घेता. आपल्याकडं गडांवरची टाकी साफ करायला पोरं जातात ना, तशीच माणसं.

बोगद्याच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर आलो की कड्याच्या मध्यावरच निघतो, समोर नुसता समुद्र. आणि तिथं, बाबा, दोन कान आहेत.

खरंच कान. काँक्रीटच्या प्रचंड वाट्या, डोंगराच्या अंगात बसवलेल्या, समुद्राकडं तोंड करून. एक १५ फुटांची, १९१७ सालची. दुसरी ३० फुटांची, नंतरची. त्या काळी रडार नव्हतं. जर्मन विमानं समुद्रावरून यायची ती दिसायच्या आधी ऐकायची, यासाठी हे. विमानाचा आवाज वाटीवर आदळून पुढं एका जागी गोळा होतो, तिथं कर्णा धरलेला, कर्ण्याला नळी, नळी माणसाच्या कानात, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी. कर्णा इकडं तिकडं सरकवून आवाज कुठं मोठा येतो ते बघायचं, त्यावरून विमान कुठल्या अंगानं येतंय ते कळायचं. हाती मिळायची ती फार तर काही मिनिटं. पण तेवढ्यात तोफेवरची माणसं जागी करता यायची.

गाइड हे सांगत होता आणि मला दिसत होतं आपलं गॅरेज. ट्रकचं इंजिन चालू, तुम्ही वाकलेले, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलेलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले. मग उठून पोराला सांगायचात, “तीन नंबरचं नोझल खोल.” आणि तेच निघायचं. खंबाटकीच्या घाटात आपण एसटीत बसलेलो असताना पुढच्या ट्रकचा आवाज ऐकून तुम्ही म्हणाला होतात, “ह्याचं बेअरिंग चाललंय, हा काय वर पोचत नाय.” आणि तिसऱ्या वळणावर तो उभा होता, बॉनेट उघडून! दादा आणि मी आठवडाभर शाळेत ते सांगत होतो. अख्ख्या हायवेवर तुमच्यासारखा कान नव्हता, हे मी नाही, तुमच्याकडं येणारे ड्रायव्हर म्हणायचे.

तोच कान गॅरेजनं खाल्ला. मी इथं एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांनी नीट समजावलं. कानाच्या आत केसांसारखे बारीक तंतू असतात. ग्राइंडर, हातोडा, झाकण काढलेलं डिझेल इंजिन, असं वर्षानुवर्षं कानाशी राहिलं की ते मरतात आणि परत उगवत नाहीत. आणि आधी मरतात ते बारीक, चढ्या आवाजाचे. म्हणून तुम्हाला दादाचा घोगरा आवाज समजतो, आईचा ओरडल्यावर समजतो, आणि चिऊचा समजतच नाही. तुमचा दोष नाही. पण तेरा वर्षांच्या पोरीला हे कसं कळावं? ती दर रविवारी विचारते, “आजोबा, काय करताय?” आणि तुम्ही म्हणता, “व्हय व्हय, समदं बरं हाय, आजीला देतो.” परवा दोडक्याच्या फोननंतर ती म्हणाली, “आजोबांना माझ्याशी बोलायला आवडत नाही ना?” मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं मान हलवली, पण पटलंय असं वाटलं नाही.

दादानं सांगितलं, दिवाळीत घेतलेलं कानाचं मशीन कंदी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय, कपाटात वरच्या फळीवर. रागावू नका, त्यानं चुगली केली नाही, मीच खोदून विचारलं. तुमचं म्हणणं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, पंखा घोंगावतो, आणि लोक काय म्हणतील. पहिली दोन बरोबर आहेत. इतकी वर्षं न ऐकलेलं सगळं एकदम आलं की मेंदू वैतागतोच. पहिले काही आठवडे रोज तास-दोन तासच लावायचं, घरात, शांत वेळी, मग हळूहळू वाढवायचं. आणि आवाज कमी-जास्त करून द्यायला दुकानात परत जायचं असतं, एकदा घेतलं की झालं असं नसतं. तुम्ही गिऱ्हाइकाला सांगायचात ना, पहिल्या हजार किलोमीटरनंतर गाडी परत दाखवा म्हणून?

तिसरं, लोकांचं. त्या कड्यावरच्या कानांचं काय झालं ते ऐका. विमानं वेगवान झाली. आवाज ऐकू येईपर्यंत विमान डोक्यावर यायला लागलं. १९३५ मध्ये इंग्रजांनी रडार करून दाखवलं आणि चार-पाच वर्षांत किनाऱ्यावर त्याचे मनोरे उभे राहिले. त्यातला स्विंगेटचा मनोरा चालताना दिसतो. एवढे मोठे काँक्रीटचे कान बांधलेले, पण “आम्हाला अजून ऐकू येतंय” म्हणून कुणी अडून बसलं नाही. नवं मशीन लावलं. आणि तरीही १९४० नंतर चार वर्षं फ्रान्सच्या किनाऱ्यावरून जर्मन तोफांचे दोन हजारांवर गोळे डोव्हरवर पडलेच. गोळा आवाजाच्या आधी पोचतो, त्यामुळं भोंगा वाजायचा तो पहिला गोळा पडून गेल्यावर. तिथं कुठल्याच कानाचा उपाय नव्हता. तुमच्याकडं उपाय आहे, तो पेढ्यांच्या डब्यात आहे.

चिऊ त्या ३० फुटी वाटीसमोर उभी राहून काहीतरी पुटपुटली. आवाज दगडावरून असा फिरून आला की मागं उभ्या असलेल्या मला स्पष्ट ऐकू आलं. काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. तिला विचारा.

नंतर पुढच्या दीपगृहापर्यंत गेलो. समुद्रातल्या जहाजाशी तारेशिवाय बोलणं मार्कोनीनं १८९८ च्या नाताळात तिथून जमवलं. चिऊला त्यात फार रस नव्हता, तिला केक हवा होता. चहा बरा होता, पण आलं नाही त्यात. पाय दुखले. इति प्रवासवर्णन.

आता एक काम आहे, बाबा. आमची गाडी सकाळी थंड असताना चालू केली की टकटक वाजते. गरम झाली की कमी होते, बंद होत नाही. इथल्या गॅरेजवाल्यानं बघितलं, वर झाकण उघडावं लागेल म्हणतोय, आणि आकडा असा सांगितला की त्यात साताऱ्यात सेकंडहँड गाडी येईल. मला त्याचा भरवसा वाटत नाही. रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करते. चिऊ बॉनेट उघडून इंजिनपाशी फोन धरून उभी राहील, आणि तुम्ही विचाराल त्याला तीच उत्तरं देईल. मी मध्ये पडणार नाही. आईनंही पडायचं नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, मशीनच्या सेलचं पाकीट फ्रीजवरच्या डब्यात आहे, दादानं ठेवलंय. सेलवरचा स्टिकर काढला की लगेच आत घालायचा नाही, मिनिटभर हवेत ठेवायचा. आणि रविवारी आठच्या आत भांडी घासून ठेव.