ती ताडपत्री अजून आमच्याकडेच आहे

निफाड तालुक्यात, रस्त्याला लागूनच आमचं शेत आहे. परवा उन्हाळ कांदा काढून, पात कापून शेतातच ढीग घातला होता. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळं भरून आलं आणि वारा असा सुटला की कांदा साठवायच्या चाळीवरचे पत्रे उडून शेजारच्या द्राक्षबागेत जाऊन पडले. मागोमाग लिंबाएवढ्या गारा. घरी मी आणि आई, दोघंच. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांत सडायला लागतो. म्हणून आई तशीच ढिगाकडे धावली.

तेवढ्यात द्राक्षं भरलेली एक पिकअप रस्त्यात थांबली. त्यातले दोघं भाऊ उतरले, स्वतःच्या मालावरची ताडपत्री सोडली आणि आमच्या ढिगावर ओढली. कडेला दगड ठेवले, एक कोपरा तर त्यातला धाकटा अंगाखाली दाबून बसला. थोरल्याने गाडीतलं रिकामं क्रेट आणून आईच्या डोक्यावर पालथं धरलं. त्याच्या हातांवर गारा बसत होत्या, पण त्याने क्रेट हलू दिलं नाही. "मावशी, खाली बसा," एवढंच म्हणत होता.

त्यांच्या वरच्या थरातले मणी फुटले, ते मी पाहिलं. पैशांचं बोललो तर ऐकूनही न घेता गाडी काढली. गडबडीत नावगाव विचारायचं राहिलं.

भावांनो, निम्म्याहून जास्त कांदा वाचला. तुमचे आभार कसे मानू? ताडपत्री धुऊन, घडी घालून ठेवली आहे. न्यायला या, आणि जेवूनच जा. आई रोज रस्त्याकडे बघते.