फलक आला, गाडी गेली : रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या व्यापातून वेळ काढून हे पत्र वाचाल अशी आशा आहे. खरं तर तशी आशा नाही, पण पत्र असंच सुरू करायचं हे शाळेत शिकवलं होतं.

गेल्या सोमवारी आमच्या शाखामार्गाच्या शेवटच्या स्टेशनात सूचना लागली. सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची फेरी पुढील आदेशापर्यंत रद्द. कारण, अपुरी प्रवासी संख्या. ही सूचना चिकटवायला कर्मचाऱ्याला जागा मिळाली ती नेमकी आपल्या फलकावर. दोन वर्षांपूर्वी आपणच त्याचं अनावरण केलं होतं. चकचकीत हायड्रोजन गाडी, खाली 'धूर नाही, फक्त वाफ', आणि कोपऱ्यात हात जोडलेले आपण. सूचना आपल्या हातांवरच बसली आहे.

त्या शेवटच्या फेरीची कथा ऐका. ती कागदावर रद्द झाली सोमवारी. प्रत्यक्षात त्याआधीच अधूनमधून गायब व्हायची. महिन्यापूर्वी पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन करून आम्ही जंक्शनवर आलो. गाडी आली नाही, घोषणाही नाही. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाईनं रात्र बाकावर काढली आणि मी तिच्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून पहाटेपर्यंत वर्तमानपत्र धरून उभा. सकाळी डिझेलचा डबा आला. त्याची पायरी फलाटापासून इतकी उंच की तिला वरून कुणी ओढायचं आणि खालून मी ढकलायचं. खिडकी अर्ध्यावर अडकलेली, त्यातून धूर थेट आत. तेव्हा मला आपली वाफ आठवली.

आता प्रवासी संख्येचं. ती मोजली कधी? एका मंगळवारी दुपारी, शाळा-कॉलेजांना सुट्टी असताना. मी आठवडाभर वही घेऊन पहिल्या गाडीत बसलो. कधी चाळीस, कधी साठ माणसं. एक-दोघं दोनदा मोजली गेली असतील, कबूल. पण आपल्या मोजणीपेक्षा ती बरी. हा डाव जुना आहे. ब्रिटनमध्ये रेल्वेचे प्रमुख बीचिंग यांच्या 1963 च्या अहवालानं दोन हजारांवर स्टेशनं बंद करायला सुचवली, तीही 1961 च्या एप्रिलमधल्या एका आठवड्याच्या मोजणीच्या आधारावर. उन्हाळ्यात समुद्रकिनारी जाणारी गर्दी त्यात येणार कुठून? स्कॉटलंडमधला असाच एक मार्ग 1969 ला बंद झाला. त्याचा काही भाग 2015 मध्ये पुन्हा सुरू केला, तर पहिल्याच वर्षी दहा लाखांवर माणसं बसली. गाडी कमी म्हणून माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणून गाडी कमी! याला आपलं खातं अभ्यास म्हणतं.

आणि हायड्रोजनच का हो? जर्मनीत लोअर सॅक्सनीमध्ये 2018 ला अशी गाडी प्रवाशांसाठी धावली, 2022 ला चौदा गाड्यांचा ताफा आला, जगभर कौतुक झालं. पुढे इंधनपेशींचे, म्हणजे गाडीत हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रांचे, सुटे भाग मिळेनात आणि डिझेल गाड्या परत आणाव्या लागल्या. ही बातमी फलकावर नाही. विजेपासून हायड्रोजन करायचा, तो दाबून भरायचा, गाडीत त्याची पुन्हा वीज करायची. चाकापर्यंत मूळ विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा पोचतो. लांबच्या, तार न टाकता येणाऱ्या मार्गावर विचार करा हवं तर. आमच्या जंक्शनवर तर विजेची तार आहे! तिच्याखाली बॅटरी भरायची आणि उरलेलं अंतर त्या बॅटरीवर कापायचं. जपानच्या कारासुयामा मार्गावर 2014 पासून हेच चालतं. वीस किलोमीटरचा मार्ग; तिकडच्या टोकाला स्टेशनापुरती तार, गाडी थांबते तेवढ्यात पेंटोग्राफ, म्हणजे छतावरचा तारेला टेकणारा सांगाडा, वर करून पुन्हा भरते. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइननं 55 बॅटरी गाड्या मागवल्या, 2023 पासून त्या धावू लागल्या. पण बॅटरीची गाडी साध्या विजेच्या गाडीसारखीच दिसते. तिच्यातून वाफ निघत नाही, म्हणजे फोटोत काही येत नाही.

खरं सांगू? मला बॅटरीचंही फार नाही. उद्या आपण नवी गाडी दिलीत आणि ती दिवसातून दोनदाच सोडलीत, तर रिकाम्या डब्यातून स्वच्छ हवा फिरेल एवढंच. मला सकाळची गाडी सकाळी हवी आहे, जंक्शनवरच्या मोठ्या गाडीशी वेळ जुळलेली, आणि तिची पायरी फलाटाच्या उंचीला हवी आहे.

पण मागायचं कुणाकडे? वेगवान गाडीची फीत कापायला सगळे, आमच्या गाडीला मात्र हिशेब द्यायचा. रस्त्याला कुणी विचारतं का, तुझ्यावरून आज किती माणसं गेली, नाहीतर उद्यापासून बंद? मी चार अर्ज केले. पहिला योग्य विभागाकडे पाठवला गेला, दुसरा त्या विभागानं योग्य विभागाकडे पाठवला. तिसऱ्याला उत्तर आलं की पहिल्यावर कार्यवाही सुरू आहे. चौथ्याची पोच मात्र लगेच आली. ती चुकून दुसऱ्याच कुणाच्या तक्रारीची होती. त्या गृहस्थांचं काम झालं असेल तर आनंद आहे.

जाता जाता एक. सूचना काढली नाहीत तरी फलक काढू नका. फलाटावर छत नाही, आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहताना दहा वाजेपर्यंत त्याची सावली बाकावर पडते.

आपला,
रद्द झालेल्या पहिल्या गाडीचा एक प्रवासी