हॅडिंग्टनचे चर्च नॉक्सने पाडले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्कॉटलंडच्या सहलीवरचा लेख वाचला. एडिंबरापासून पूर्वेला तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा हॅडिंग्टन गावी लेखक मुद्दाम थांबले, हे विशेष. बहुतेक पर्यटक ते गाव महामार्गावरूनच मागे टाकतात. लेखाची भाषा छान, फोटोही छान. पण तिथल्या सेंट मेरीज चर्चबद्दल लेखात दोन विधाने आहेत, ती वाचून गप्प बसवेना. पहिले, सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन नॉक्स याच्या चिथावणीने जमावाने चर्चचा पूर्वेकडचा अर्धा भाग पाडला. दुसरे, आज तिथे दिसते ते छत ‘प्लास्टिकचे’ असून हा जीर्णोद्धार म्हणजे निव्वळ देखावा आहे. पहिले विधान साफ चुकीचे आहे. दुसऱ्यात तथ्याचा कण आहे, पण निष्कर्ष उलटा काढला आहे.

नॉक्सचा मुद्दा आधी घेतो, कारण तो तारखांनीच निकालात निघतो. स्कॉटलंडमध्ये भग्न चर्च दिसले की त्याचे खापर प्रोटेस्टंट सुधारकांवर फोडायची सवय प्रवासवर्णनांना जडली आहे. काही ठिकाणी ते खरेही आहे. मे १५५९ मध्ये पर्थच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये नॉक्सचे प्रवचन झाले आणि लोकांनी मूर्ती फोडल्या, गावातले मठ लुटले. हॅडिंग्टनची कथा मात्र वेगळी आणि त्याच्या दहा-अकरा वर्षे आधीची आहे.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला आपल्या मुलासाठी स्कॉटलंडची बाल राणी मेरी सून म्हणून हवी होती. स्कॉटिश सरदारांनी आधी कबूल केलेला करार मोडला, तेव्हा इंग्लंडने ही सोयरीक तलवारीच्या जोरावर जुळवायला घेतली. हेन्री वारला तरी युद्ध थांबले नाही. सप्टेंबर १५४७ मध्ये पिंकीच्या रणांगणावर स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडाला आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी हॅडिंग्टन ताब्यात घेऊन गावाभोवती नव्या इटालियन पद्धतीचे मातीचे तट उभारले. स्कॉट आणि त्यांच्या मदतीला आलेले फ्रेंच यांनी बाहेरून वेढा दिला. जुलै १५४८ मध्ये गावाबाहेरच्या जोगिणींच्या मठात स्कॉटिश संसद भरली आणि राणीचे लग्न फ्रान्सच्या युवराजाशी लावायचे तिथेच ठरले. पाच वर्षांची मेरी ऑगस्टमध्ये जहाजाने फ्रान्सला गेली. म्हणजे ज्या सुनेसाठी हा खटाटोप, तीच हातातून निसटली. तरी वेढा चालूच राहिला. अखेर प्लेग, उपासमार आणि खर्च यांनी टेकीला आलेल्या इंग्रजांनी सप्टेंबर १५४९ मध्ये गाव सोडले.

चर्च टाइन नदीच्या काठी, या धुमश्चक्रीच्या ऐन तोंडावर उभे होते. वेदीकडचा पूर्वभाग, ज्याला कॉयर म्हणतात, आणि दोन्ही बाजूंचे आडवे पाखे यांची छपरे गेली ती या युद्धात. चर्चच्या घंटाही तेव्हाच इंग्रजांनी पळवल्याचे सांगतात.

आणि नॉक्स त्या वेळी कुठे होता? जुलै १५४७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्यात तो फ्रेंचांच्या हाती सापडला आणि फेब्रुवारी १५४९ पर्यंत त्यांच्या गलबतावर गुलाम म्हणून वल्ही मारत होता. ज्याच्या पायात बेड्या होत्या त्याने हॅडिंग्टनमध्ये जमाव कसा भडकवला, हे लेखकानेच सांगावे! नॉक्सचा या गावाशी संबंध घट्ट आहे, यात शंका नाही. तो जन्मला इथेच. जॉर्ज विशार्ट या सुधारकाने अटकेपूर्वीचे शेवटचे प्रवचन जानेवारी १५४६ मध्ये याच चर्चमध्ये दिले, तेव्हा दोन हातांनी पेलायची तलवार घेऊन त्याच्या रक्षणाला उभा असलेला तरुण म्हणजे नॉक्स. प्रवचनाला माणसे फारशी आली नाहीत, याचे विशार्टला फार वाईट वाटले होते. त्यानंतर काही आठवड्यांत त्याला जिवंत जाळण्यात आले. आपल्या लेखकांनी यातले काही लिहिले असते तर पान जास्त रंगले असते.

आता भिंतीबद्दल. लेखात म्हटले आहे की सुधारकांनी चर्च ‘अर्धे तोडून भिंत घातली’. तोडले नव्हते, अर्धेच दुरुस्त केले होते. स्कॉटलंडच्या संसदेने १५६० मध्ये पोपची सत्ता नाकारली. पुढच्याच वर्षी हॅडिंग्टनच्या नगर परिषदेने ठरवले की मनोऱ्यापासून पश्चिमेच्या टोकापर्यंतचाच भाग नीट करायचा. मनोऱ्याखालची कमान भिंत घालून बंद केली आणि पूर्वेचा भाग जसा होता तसा उघड्यावर सोडला. मला तरी हा शहाणपणा वाटतो. युद्धाने पिळून निघालेले गाव. सुमारे २०६ फूट लांबीची, स्कॉटलंडमधल्या पॅरिश चर्चमध्ये (म्हणजे स्थानिक वस्तीच्या चर्चमध्ये) सर्वांत लांब म्हणून गणली जाणारी वास्तू. आणि बदललेली उपासना. नव्या पद्धतीत सगळे लक्ष प्रवचनपीठावर. वेदीसमोर मंत्रगायन करणारे पुरोहितच उरले नाहीत, तर त्यांच्यासाठी बांधलेल्या लांबलचक दालनावर गावाने पैसा का घालावा? मोठी चर्च भिंती घालून वाटून घेणे तेव्हा सर्रास चाले. एडिंबराच्या सेंट जाइल्समध्ये एकाच छपराखाली अनेक मंडळ्या वेगवेगळी उपासना करत. त्या भिंती निघाल्या थेट १८७२ ते १८८३ या काळात, विल्यम चेंबर्स या प्रकाशकाच्या पुढाकाराने. पर्थचे ते सेंट जॉन्सही असेच वाटले गेले होते. पहिल्या महायुद्धानंतर रॉबर्ट लॉरिमर या वास्तुविशारदाने ते पुन्हा एकसंध केले.

हॅडिंग्टनला मात्र एक गोष्ट घडली नाही आणि ती फार मोलाची आहे. पडक्या भागाचे दगड उचलून कुणी घरे बांधली नाहीत. निदान भिंती तरी शाबूत राहतील इतके दगड जागेवर राहिले. तिथे दफने होत राहिली. जेन वेल्श कार्लाइल, इतिहासकार-लेखक थॉमस कार्लाइल यांची पत्नी, मूळची याच गावच्या डॉक्टरची मुलगी. १८६६ मध्ये लंडनला घोडागाडीतच तिचा अंत झाला आणि तिला इथे आणून वडिलांच्या थडग्यात पुरले. तेव्हा त्या थडग्यावर आभाळ होते. आता छप्पर आहे. शिळेवरचा मजकूर कार्लाइलनेच लिहिलेला आहे. नवरा हयातीत जे बोलला नाही ते सगळे त्याने दगडावर कोरून घेतले, असे माझे मत. ज्यांना त्यांच्या संसाराची हकिकत ठाऊक आहे त्यांना ते पटेल.

आता येतो ‘प्लास्टिक’कडे. मी पुण्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ होईल. १९६० च्या दशकात हॅडिंग्टनने स्वतःकडे नव्याने पाहायला सुरुवात केली. जुनी घरे रंगवली, दुरुस्त केली. १९६७ मध्ये हॅमिल्टनच्या डचेस एलिझाबेथ यांनी लॅम्प ऑफ लोदियन ट्रस्ट स्थापला आणि पडीक गिरणीसारख्या वास्तू गावाच्या वापरात आणल्या. या वातावरणात १९७१ ते १९७३ दरम्यान इयन लिंडसे यांच्या संस्थेने चर्चचे काम केले. चारशे वर्षांची आडभिंत पाडली, कॉयर आणि पाखे पुन्हा छपराखाली घेतले आणि कॉयरच्या कमानदार छतासाठी फायबरग्लास वापरले. लांबून ते दगडासारखे दिसते, हे खरे.

पण दगडी कमानछत नुसते वर बसलेले नसते. ते सतत भिंतींना बाहेर रेटत असते. म्हणून तर बाहेरून टेकू दिलेले असतात. मूळ कारागिरांनी तो रेटा मोजून भिंती उभारल्या, पण त्याच भिंती पुढे चार शतके उघड्या माथ्याने स्कॉटिश पाऊस खात होत्या. अशा भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत झिरपते, चुना धुऊन जातो, थंडीत तेच पाणी गोठून फुगते आणि सांधे उकलते. बाहेरून ताठ दिसणारी भिंत आतून पोकळ झालेली असू शकते. अशा भिंतींवर पुन्हा टनांनी दगड चढवायचा तर आधी त्या भिंतीच अर्ध्याअधिक उतरवून नव्याने बांधाव्या लागतील. मग जुने काय उरले? हलके छत घातले तर मध्ययुगीन भिंत आहे तशी राहते, आणि उद्या कुणाला ते नको झाले तर काढताही येते. संवर्धनात मूळ वस्तूला धक्का न लावणे आणि केलेले काम परत फिरवता येणे, या दोन कसोट्या आम्ही महत्त्वाच्या मानतो. हे छत दोन्हींना उतरते. माझी तक्रार असेल तर एवढीच, की रंग-रूपाने ते दगडाची नक्कल न करता थोडे वेगळे ठेवले असते तर जास्त प्रामाणिक दिसले असते. ‘देखावा’ हा शब्द त्या एका गोष्टीला लावा, अख्ख्या जीर्णोद्धाराला नको.

शिवाय लेखकांना पश्चिमेच्या भागाचे छत ‘अस्सल जुने’ वाटले आहे. तिथे १८११ मध्ये जेम्स बर्न यांनी मोठे फेरफार केले, आणि त्या छताच्या नक्षीदार फासळ्या प्लास्टरच्या आहेत! दोनशे वर्षे जुने प्लास्टर अस्सल आणि पन्नास वर्षांचे फायबरग्लास नकली, हा कुठला न्याय?

घंटांची गोष्ट लेखात सुटली आहे. १९९९ मध्ये ॲबरडीनशरमधल्या डनेक्ट हाउसच्या आठ घंटा इथल्या मनोऱ्यात बसवल्या. दोर ओढून ठरावीक क्रम बदलत वाजवायची ही पद्धत अस्सल इंग्रजी, स्कॉटलंडमध्ये विरळा. ज्या गावाच्या घंटा इंग्रजांनी नेल्या तिथे साडेचारशे वर्षांनी इंग्रजी रीतीने घंटानाद सुरू झाला.

आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक बाब. चर्चच्या उत्तरेला लॉडरडेल घराण्याची दफनभूमी असलेले छोटे दालन आहे, संगमरवरी थडग्याचे. १६८२ मध्ये वारलेला लॉडरडेलचा ड्यूक तिथेच आहे. नदीचा पूर आत शिरला की त्याची शवपेटी जागा बदलते, अशी गावात दंतकथा आहे. या ड्यूकने लॉडर गावातला आपला थर्लस्टेन वाडा वाढवताना तिथले जुने चर्च हलवले आणि १६७३ मध्ये विल्यम ब्रूस याच्याकडून ग्रीक क्रुसाच्या आकाराचे नवे बांधून घेतले. त्याच लॉडरमध्ये १८०४ साली मिशनरी जॉन विल्सन जन्मले, १८२९ मध्ये मुंबईला आले, मराठी शिकले, आणि गिरगाव चौपाटीसमोरचे कॉलेज आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

लेखाच्या शेवटी ‘तिकडचे लोक वारसा जपतात, आपण नाही’ असा नेहमीचा उसासा आहे. तिकडचे चित्र इतके गुलाबी नाही. चर्च ऑफ स्कॉटलंडची सभासदसंख्या १९५० च्या दशकात तेरा लाखांवर होती, आता तीन लाखांच्याही खाली आहे. २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी धर्म नाही असे नोंदवले. शेकडो चर्च बंद करून विकायची योजना चालू आहे. काहींची घरे झाली, काहींची उपाहारगृहे. १५६१ मध्ये हॅडिंग्टनच्या परिषदेला पडलेला प्रश्न, म्हणजे एवढ्या मोठ्या वास्तूतले किती आपल्याला लागते आणि किती परवडते, आज तिकडे गावोगावी पुन्हा विचारला जातो आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी दोन दुरुस्त्या छापाव्यात ही विनंती. कॉयरची पडझड १५४८-४९ च्या वेढ्यातली आहे. आणि चौथ्या फोटोखाली ‘मूळ मध्ययुगीन छत’ असे छापले आहे, त्या फोटोतले छत १८११ चे आहे.

आपला,
एक वाचक, पुणे
(सध्या मुक्काम एडिंबरा)